गेरूच्या खुणेची लाकडं

रविवार, २१ मे १९९५. हजर : मी, आमचे मास्तर (माझे यजमान, गावच्या हायस्कुलात गणित शिकवतात), शामराव गवंडी आणि त्यांच्या हाताखाली माल कालवणारी त्यांची बायको कमळ, आणि कुंपणापलीकडं, आपल्या परड्यात चिंचा फोडत बसलेल्या हौसाक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. गैरहजर : माझी मुलगी नंदा. ती इस्लामपूरला सासरी होती, सातवा महिना चालू होता, आणि हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं.

ते पान अजून माझ्याकडं आहे. लांबट वही, डावीकडं अनुक्रमांक, मधे काम, उजवीकडं झालं की बरोबरची खूण. वर शीर्षक : परड्यात जळणासाठी खोली. पाया दीड फूट. वीटकाम चारही बाजूंनी, फट न ठेवता. वर पत्रा, उतार पूर्वेला. दार एक, कडी-कोयंडा, कुलूप. आत सिमेंटचा कोबा. अशी नऊ कामं माझ्या अक्षरात आहेत. दहावं मास्तरांनी माझ्या हातातलं पेन घेऊन लिहिलं : 'अक्कांना एकदा विचारणे.' पहिल्या नऊ कामांपुढं खूण आहे.

चौथा थर लावता लावता शामरावांनी थापी थांबवली. "आवं बाई, ह्यात जळण ठेवायचं का कैदी?"

"कोरडं राहायला पाहिजे," मी म्हणाले. "एक थेंब आत जाता कामा नये."

"थेंब न्हाई जायचा. पर वारं कुठनं जायचं?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. माझं नाव विमल, पण अक्कांच्या तोंडी ते पहिल्या दिवसापासून इमल. "इमल, नदीकडच्या भितीत मधनं मधनं इटा सोड की गं. एक लावायची, एक सोडायची. वारं फिरतंय मग." चिंच फोडायचं त्यांनी थांबवलं नव्हतं. मान वरही केली नव्हती.

"बघू," मी म्हणाले. आणि शामरावांकडं वळून म्हणाले, "लावा. सगळ्या लावा."

अक्का सांगतात ते बरोबर असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नसतं तर कदाचित मी दोन विटा सोडल्याही असत्या.

आता मे १९९९ चालू आहे. मिरगाला पंधरा दिवस आहेत. आमच्याकडं, उंब्रजच्या बाजूला, हे पंधरा दिवस कुऱ्हाडीचे. सकाळी सातपासून प्रत्येक परड्यात कोणी ना कोणी लाकूड फोडत असतं. हवेत चटणीच्या कांडपाचा ठसका असतो, पत्र्यावर कुरडया वाळत असतात, बायका घरांमागं शेणी रचून त्यांवर शेणाचा गिलावा देत असतात, आणि या सगळ्यावरून तो कुऱ्हाडीचा आवाज येत-जात राहतो. नीट ऐकलं तर दोन आवाज आहेत. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसते तेव्हा 'थप्प' होतं, भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं. वाळलेल्या लाकडाचा आवाज मोकळा, पितळी असतो. तो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मला हा फरक फार उशिरा कळला. अक्का तर हातात दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटतात आणि सांगतात, "हे औंदा, हे फुडच्या साली."

पुढच्या साली! मला त्या शब्दांचाही हेवा वाटायचा. औंदा तोडलेली बाभळ पुढच्या साली जाळायची, म्हणजे ही बाई नेहमी वर्षभर पुढं होती. आणि मी, याद्या करणारी, कायम त्या-त्या दिवसाचं काम त्या-त्या दिवशी संपवत होते.

सतरा वर्षं मी सांगलीला नोकरी केली. सरकारी कचेरीच्या भांडारात. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायचं, शनिवारी संध्याकाळी परत. मास्तरांची शाळा गावात, त्यामुळं नंदा गावात राहिली. तीन वर्षांची होती तेव्हापासून. तिचं दप्तर आमच्या घरात असायचं आणि ती अक्कांच्या चुलीपाशी. अक्कांना स्वतःचे दोन मुलगे होते, शेत होतं, दोन म्हशी होत्या. त्यांना माझ्या पोरीची काही गरज नव्हती. एखादीला मूल नाही म्हणून तिनं दुसरीचं जवळ घेतलं, असं असतं तर मी मनाची समजूत घातली असती. पण अक्कांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडं भरपूर होतं, आणि त्यातूनच त्या नंदाला देत होत्या.

नंदा मला 'आई' म्हणायची आणि त्यांना 'थोरली आई'. गावाकडं सगळीच मुलं म्हणतात. पण शनिवारी मी पिशवी घेऊन दारात उभी असायचे आणि ती कुंपणातल्या वाटेनं पळत यायची, तेव्हा तिच्या केसांना, फ्रॉकला धुराचा वास असायचा. वाईट वास नव्हता. वाळलेल्या बाभळीचा, थोडा गोडसर. मी लगेच तिला न्हाऊ घालायचे. रविवारभर ती साबणाच्या वासाची असायची, सोमवारनंतर पुन्हा त्या वासाची होत असणार. ती शहाणी झाली हे मला चार दिवसांनी कळलं, शनिवारी, आणि तेही अक्कांनी सांगितलं. "घाबरली न्हाई गं पोरगी," त्या म्हणाल्या. "समदं सांगितलं म्या." मी 'बरं झालं' म्हणाले. नंतर सबंध आठवडा भांडारातल्या कागदाच्या रिमा पुन्हा पुन्हा मोजल्या.

त्र्याण्णव साली कऱ्हाडला बदली मिळाली. रोज घरी येता येऊ लागलं. आणि वर्षभरात नंदाचं लग्न होऊन ती इस्लामपूरला गेली. मी आले आणि ती गेली. हा हिशोब कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

म्हणून पहिलं बाळंतपण मला हवं होतं. ते माझ्याच घरी व्हायला हवं होतं. सव्वा महिना रजा काढायची, रोज पोरीला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, बाळाला पायांवर घ्यायचं. सतरा वर्षांत राहिलेलं सगळं त्या चाळीस दिवसांत भरून काढायचं. ती यादी मी कागदावर कधी लिहिली नाही, पण तोंडपाठ होती.

पंच्याण्णवच्या चैत्रात नंदा हळदीकुंकवाला आली होती. कैरीची डाळ वाटीत घेऊन माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, रागवू नकोस. बाळंतपण थोरल्या आईकडं काढूया का?"

"का?"

"तुझ्याकडं धूर लय होतोय गं. श्रावणात तर बघायलाच नको. तिचं जळण कसं खडखडीत असतंय."

खरंच होतं ते. आमच्याकडं गॅसचं एक सिलिंडर होतं, ते चहाला आणि घाईला. बाळंतिणीचं हंडाभर कढत पाणी, शेगडीतले निखारे, ओवा-वावडिंगाची धुरी, हे सगळं चुलीवरच. आणि आमचं जळण जिन्याखाली, दमट कोपऱ्यात. फुंकून फुंकून माझे डोळे लाल होत. अक्कांची खोप मात्र परड्याच्या उघड्या कडेला. बाभळीच्या चार मेढी, वर पाचटाचं छप्पर, बाजूंनी तुराट्यांचा कूड, आणि तोही असा विरळ की पलीकडचं माणूस दिसावं. लाकडं जमिनीला टेकलेली नाहीत. खाली दगड, दगडांवर आडवे ओंडके, त्यांवर उभा-आडवा थर. बघायला अगदी मोडकं. मला वाटायचं, यात कोरडं राहतंच कसं!

"माझ्याकडंही खडखडीत असेल," मी नंदाला म्हणाले. "श्रावणाच्या आत."

नंदा हसली. "बरं. मग तुझ्याकडं."

एवढ्या तीन शब्दांवर ती खोली बांधली गेली.

माझी चूक कुठं झाली ते आज मला नीट सांगता येतं. भांडारात आम्ही सिमेंट सांभाळलं, कागद सांभाळला, खताची पोती सांभाळली. तिथं शिकवण एकच : कोरडं ठेवायचं म्हणजे बंद ठेवायचं. खिडकीची फट कागद लावून बुजवायची, दार घट्ट लावायचं. तेच मी बाभळीला लावलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक उभं झाड घेतलं, ताजं तोडवलं, फोडवलं, आणि आठ दिवस उन्हात टाकून आत रचलं. एकाला एक चिकटवून, फट न ठेवता, पुस्तकांसारखं. प्रत्येक लाकडाच्या टोकाला गेरूचा पट्टा मारला, भांडारातल्या मालाला मारायचे तसा. मास्तर म्हणाले, "लाकूड पळून जाणार आहे का?" मी त्यांना गेरूचा डबा धरायला लावला. पाच जूनला कुलूप घातलं आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. कुंपणापलीकडून अक्का बघत होत्या. "दिसतंय मातूर झ्याक," त्या म्हणाल्या. त्यातल्या 'मातूर'वर मी दोन दिवस झोपले नाही.

ऑगस्टमध्ये कऱ्हाडच्या दवाखान्यात नंदाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी माझ्या घरी आली, ठरल्याप्रमाणं. पाऊस तेव्हा थांबायचं नाव घेत नव्हता. मी ऐटीत कुलूप काढलं आणि आतून वास आला, तळघरात विसरलेल्या पोत्यांचा. पहिल्या थरावर पांढरी बुरशी, मऊ, कापसासारखी. खालची साल हाताला सुटून येत होती, आणि आत हात लावला तर ओल. पत्र्याखाली तापलेल्या लाकडांचा घाम तिथंच राहिला होता. जायला वाट कुठं होती?

तीच लाकडं मी चुलीत घातली. टोकांतून फेस यायचा, सूं सूं आवाज व्हायचा, आणि धूर न्हाणीघरातून सोप्यात, सोप्यातून बाळंतिणीच्या खोलीत. निखारा धरायचाच नाही. शेगडी नुसती काळी. सहा दिवसांचं नाजूक बाळ ठसकायला लागलं. नंदा त्याच्या नाकावर पदर धरून बसायची आणि मला म्हणायची, "असू दे आई. होईल हळूहळू." रॉकेल ओतलं, कागद जाळले, जुन्या वह्यांचे पुठ्ठे घातले. मास्तर दारात येऊन म्हणाले, "पलीकडून दोन मोळ्या आणू का?"

"नको."

"पोरगी खोकतीय विमल."

"नको म्हटलं ना."

एका बाजूला सातव्या दिवसाचं बाळ खोकत होतं आणि दुसऱ्या बाजूला माझा नकार होता, आणि मी नकाराच्या बाजूला उभी होते. मत्सर म्हटलं की लोकांना दुसऱ्याच्या दागिन्याकडं बघणं आठवतं. माझा मत्सर तसा नव्हता. तो एका मोडक्या खोपीवरचा होता, तिच्या कुडातून जाणाऱ्या वाऱ्यावरचा.

मग साधारण दहाव्या दिवसापासून चूल पेटू लागली. पहिल्या काडीला. पाणी अर्ध्या तासात कढायचं, शेगडीत लालभडक निखारे, धूर नावाला नाही. मी हंडा उतरवत नंदाला म्हणाले, "बघ, वाळलं की नाही शेवटी! बंद ठेवल्याचा फायदा होतो तो असा." नंदानं बाळाकडं बघत मान खाली घातली. मास्तरांना अचानक वर्तमानपत्र वाचायचं सुचलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीत लाकूड सारताना मला दिसलं, त्याच्या टोकाला गेरू नव्हता. दुसरं बघितलं. नव्हता. चुलीशेजारची सगळी मोळी उलटीसुलटी केली. एकाही लाकडाला माझी खूण नाही.

डोक्यावर पोतं घेतलं आणि पावसात कुंपणातल्या वाटेनं गेले. अक्कांच्या खोपीत, वरच्या थरावर, उभी-आडवी, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून रचलेली लाकडं होती. प्रत्येकाच्या टोकाला गेरूचा पट्टा.

अक्का गोठ्यातून शेणाचे हात घेऊनच बाहेर आल्या.

"अक्का, माझी लाकडं तुमच्याकडं कशी?"

"वाळाय ठेवल्यात."

"कुलूप होतं माझ्या दाराला."

"किल्ली खिळ्याला व्हती की. नंदीनं दिली." त्या खोपीकडं वळल्या, एक लाकूड उचलून नाकाशी धरलं. "इमल, तुझ्या त्या खोलीत ही लोणच्यागत मुरत्यात गं. हितं वारं खातील, फुडच्या साली वाजत्याल बघ. तवर माझी जाळ."

"मला विचारायचं तरी होतं."

त्यांनी लाकूड जागेवर ठेवलं. नीट, साल वर करून, पाऊस आला तरी पाणी सालीवरून निथळून जावं असं. "इचारलं आस्तं तर तू व्हय म्हनली आस्तीस?"

पाचटावरून पाणी माझ्या खांद्यावर पडत होतं.

"जा," त्या म्हणाल्या. "पोरीचं पानी थंड व्हतंय. न्हाऊ तू घाल."

ते शेवटचं वाक्य मला तेव्हा लागलं. मला काय करायचं ते ही सांगणार! कितीतरी नंतर, बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर, मी मनात ते चाळीस दिवस एक-एक करून तपासले. अक्का त्या चाळीस दिवसांत एकदाही न्हाणीघरात आल्या नव्हत्या. बाळाला त्यांनी स्वतःहून उचललं नव्हतं. कोणी मांडीवर ठेवलं तरच. सकाळी मी अंघोळीला गेले की लाकडांची अदलाबदल करून त्या परत जायच्या. सबंध गावात बाळंतिणीला न्हाऊ घालायला ज्यांना बोलावणं येतं त्या अक्का, भिंतीपलीकडं थांबल्या होत्या. माझी न लिहिलेली यादी त्यांनी कुठं वाचली कोण जाणे. आणि मला त्याचाही राग आला, की एवढं मोठं मन तेही हिच्याकडंच असावं.

पुढच्या उन्हाळ्यात लाकडं परत आली. एकूण एक. मी दोन उचलून एकमेकांवर आपटली. वाजली.

तेव्हापासून माझ्या खोलीत जळण ठेवलं नाही. जुने पत्रे, मास्तरांची सायकल, कुदळ-फावडं. दरवर्षी मेमध्ये मी ठरवायचे की नदीकडची भिंत उघडायची, आणि दरवर्षी काही ना काही निघायचं. खरं म्हणजे गरज पडत नव्हती. अक्कांची खोप होती.

यंदा होळीनंतर ती उतरवली. त्यांच्या मुलांनी तिथं स्लॅबची खोली घातलीय. चारी मेढी उपटून कुंपणाला टेकवल्यात. अक्कांची बाभळ, औंदाची आणि फुडच्या सालची, दोन्ही, निळ्या प्लास्टिकखाली ढीग करून पडलीय. खरं सांगते, पहिल्या दिवशी गच्चीवरून ते बघून मला बरं वाटलं. अगदी थोडा वेळ, चहा निवेपर्यंत. मग अक्का बाहेर आल्या, प्लास्टिकचा कोपरा वर करून आत वाकल्या, वास घेतला आणि पुन्हा झाकलं. गुडघे धरून उठल्या. मला तो वास माहीत होता.

परवा नंदाचा फोन आला. दुसऱ्या वेळची आहे, आषाढात होईल. "आई, तुझ्याकडंच येते," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाली. मग पुढं, "जळणाचं काय गं? थोरल्या आईची खोप उतरवली म्हणत होते."

"बघते मी," म्हणाले, आणि नवं पान घेतलं.

शामराव काल येऊन गेले. खोली रिकामी झालीय, कोबा धुतलाय, खाली घालायला आठ दगड आणलेत, मेढींचे आडवे ओंडके करायचं ठरलंय. छिन्नी-हातोडा पायरीवर आहे. त्यांनी नदीकडच्या भिंतीवर तळवा फिरवला. "कंच्या इटा काढायच्या ते खडूनं दावा बाई. वारं कुठनं कसं येतंय ते हौसाक्कास्नी ठावं. त्यास्नी इचारून खुना करून ठेवा, म्या दीस मावळायच्या आत काढतो."

मास्तर म्हणाले, "मी विचारून येऊ?"

"नको. ते माझं आहे."

आज सकाळी खडू घेऊन कुंपणापर्यंत गेले. अक्का चिंचा फोडत होत्या. मी शेवग्याला यंदा शेंगा कमी आल्या असं म्हणाले. त्या म्हणाल्या, व्हय, किडीनं खाल्लं. मी कुरडया झाल्या का विचारलं. त्या म्हणाल्या, झाल्या, तुझ्यासाठी ठेवल्यात. भिंत कुठं उघडू, हे विचारायचं होतं. तुमचं जळण माझ्या खोलीत आणून ठेवा, हेही म्हणायचं होतं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. मी मूठ मिटली, कुरडया घेतल्या आणि परत आले.

आकाश अजून कोरडं आहे. शामराव उद्या सकाळी येणार आहेत. यादीतल्या नऊ कामांपुढं खूण झालीय. दहावं या वेळी मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : अक्कांना विचारणे.